शाळेतला छळ आणि सुरक्षित वर्ग: नाशिकच्या पालकांचे व शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले, की एखादी आई शाळेच्या फाटकाशी घुटमळते आणि "सर, हा शाळेत यायलाच तयार नाही, काय करू?" असे विचारते. नाशिकमधील माध्यमिक शाळांत अनेक वर्षे शिकवताना पालकसभांत, शिक्षकांच्या बैठकींत आणि अशा फाटकाशी झालेल्या बोलण्यांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिताना एक गोष्ट मनाशी पक्की धरली आहे. छळ दोन मुलांमध्ये चाललेला दिसत असला, तरी तो टिकतो तो बाकीच्या वर्गाच्या हसण्यावर आणि गप्प बसण्यावर; म्हणून तो थांबवण्याचे कामही त्या दोघांपुरते ठेवून भागत नाही.

१. मुले एकमेकांना चिडवणारच. मग छळ नेमका कशाला म्हणायचा?

कट्टी-बट्टी, डब्यातली चकली पळवणे, खेळातली भांडणे हे सारे शाळेत होतच असते, आणि त्या प्रत्येकाला छळ म्हटले तर खरा छळ नजरेतून सुटतो. स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ऑल्वेउस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी दाखवलेल्या खुणा आजही उपयोगी पडतात: समोरच्याला दुखावण्याचा हेतू असतो, प्रकार पुन्हा पुन्हा घडतो आणि दोन बाजूंच्या बळात तफावत असते. हे बळ केवळ अंगातले नसते. पाच जणांचे टोळके, वरच्या वर्गात असणे, घरचा पैसा, जात, बोलण्याची धाटणी, वर्गातला पहिला नंबर, इतकेच काय, शिक्षकांचा लाडका असणे हेही बळच आहे.

मी स्वतः दोन गोष्टी पाहतो. ज्याला चिडवले जाते त्याला तितक्याच मोकळेपणाने उलट चिडवता येते का, आणि त्याने "बास" म्हटल्यावर समोरचा थांबतो का? "लंबू" म्हणून हाक मारल्यावर हसत मागे वळणारा मुलगा आणि उत्तर द्यायला उभा राहिला की मागच्या बाकांवरून "ढोल्या, ढोल्या" ऐकू येते म्हणून उत्तर येत असूनही हात वर न करणारा मुलगा, या दोघांची टोपणनावे कागदावर सारखीच वाटतील. मुलींमध्ये हा प्रकार पुष्कळदा आवाज न करता चालतो. "तिच्याशी कोणी बोलायचं नाही" असे ठरते, आणि महिनाभर एक मुलगी डबा एकटी खाते. येथे ना मारहाण असते ना शिवी, त्यामुळे तक्रार तरी काय करायची हे तिलाही कळत नाही.

एकदाच घडलेला प्रकार गंभीर असेल, म्हणजे मारहाण, कपडे ओढणे, लैंगिक स्वरूपाचा स्पर्श, पैसे उकळणे यांपैकी काही असेल, तर तो पुन्हा घडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

२. आमच्या शाळेत असा प्रकार नाही, असे मुख्याध्यापक सांगतात. विश्वास ठेवावा का?

मुख्याध्यापक बहुधा खोटे बोलत नसतात. त्यांच्या नजरेसमोर ते घडत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. युनेस्कोने २०१९ मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, मागील महिन्याभरात एकदा तरी सहाध्यायांकडून छळ झाल्याचे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण ३२ टक्के, म्हणजे तिघांत जवळजवळ एक, एवढे होते. एखादी शाळा याला पूर्णपणे अपवाद असण्याची शक्यता कमीच.

छळाच्या जागा ठरलेल्या असतात: स्वच्छतागृह, जिन्याचे वळण, पाण्याच्या टाकीमागची बाजू, सायकल स्टँड, शाळा सुटल्यावर रिक्षा किंवा व्हॅन येईपर्यंतची दहा मिनिटे आणि त्या व्हॅनची मागची सीट. नाशिकमध्ये यात खासगी क्लासचीही भर घालावी लागते, कारण कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरातील क्लासमध्ये वेगवेगळ्या शाळांची मुले एकत्र येतात, आणि तिथल्या जिन्यावर जे घडते त्याची जबाबदारी आपली आहे, असे ना शाळेला वाटते ना क्लासला.

शिक्षकांनी करून पाहावा असा एक साधा उपाय आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाला शाळेचा कच्चा नकाशा काढलेला कागद द्यावा, त्यावर नाव लिहू देऊ नये, आणि जिथे भीती वाटते किंवा जायला नको वाटते तिथे लाल फुली मारायला सांगावे. चाळीस कागद एकावर एक ठेवून पाहिले, की फुल्यांची गर्दी कुठे होते हे पाच मिनिटांत कळते. एका वर्षी माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक फुल्या ज्या जिन्यावर पडल्या, त्या जिन्यावरून मी रोज चार वेळा ये-जा करत होतो आणि मला तिथे कधीच काही दिसले नव्हते. त्यानंतर मधल्या सुट्टीत एका शिक्षकाने तिथे नुसते उभे राहायचे, एवढेच आम्ही ठरवले. पुढच्या सत्रातल्या नकाशांत त्या जिन्यावर मोजक्याच फुल्या उरल्या.

३. कोणत्या मुलांना अधिक लक्ष्य केले जाते?

जे मूल वर्गातल्या बहुसंख्यांपेक्षा कोणत्याही बाबतीत वेगळे दिसते आणि ज्याच्या बाजूने बोलणारा एकही मित्र नसतो, त्याला धोका अधिक. यातला दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे, कारण वेगळेपण प्रत्येक मुलात कुठले ना कुठले असतेच.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर सटाणा-मालेगावकडून शहरात आलेल्या मुलाच्या तोंडून एखादा अहिराणी शब्द निघाला की वर्ग हसतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी मुलांना त्यांच्या बोलीवरून, रंगावरून आणि आडनावांवरून ऐकावे लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या उत्तर भारतीय कुटुंबांतील मुले मराठीच्या तासाला तोंड उघडायला घाबरतात. देवळाली कॅम्प भागात लष्करातील बदल्यांमुळे दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलणारी मुले असतात. नव्या वर्गात जुन्या मैत्र्या आधीच जुळलेल्या असतात आणि ही मुले बाहेरच राहतात. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत आलेल्या मुलाला "फुकटवाला" म्हटलेले मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, आणि ते म्हणणारे मूल चौथीतले होते. तो शब्द त्याने मोठ्यांच्या तोंडूनच उचलला असणार. तोतरे बोलणारी, चष्मा लावणारी, लठ्ठ किंवा फार बारीक असलेली, दिव्यांग, हळू शिकणारी मुले आणि ज्यांच्या चालण्या-बोलण्याला इतर मुले "बायकी" म्हणतात असे मुलगेही या यादीत आहेत.

जातीवरून होणारी टिंगल ही वेगळी आणि अधिक गंभीर बाब आहे. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या शहरात सत्याग्रह सुरू झाला, त्या शहरातल्या वर्गात कोण कोणाच्या डब्याला हात लावत नाही, याकडे शिक्षकाचे लक्ष असलेच पाहिजे. आडनाव विचारून बाक बदलणाऱ्या मुलाला "असं करू नये" एवढेच सांगून सोडता येत नाही. त्या दिवशीचा तास बाजूला ठेवून त्यावर वर्गाशी बोलावे लागते, आणि गरज पडल्यास त्या मुलाच्या पालकांशीही.

४. मूल स्वतःहून काही सांगत नाही. आम्हाला कसे कळणार?

मुले सांगत नाहीत यामागे लाज असते, बदल्याची भीती असते आणि सांगून काही होणार नाही हा अनुभवही असतो. म्हणून लहानसहान बदल पाहावे लागतात. रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी पोटात दुखते आणि शाळा बुडाली की दुपारपर्यंत थांबते. कंपास, पट्टी, रुमाल वारंवार हरवतात. डबा तसाच परत येतो, किंवा मूल इतके भुकेले घरी येते की डबा दुसऱ्यानेच खाल्ला असावा अशी शंका येते. कालपर्यंत व्हॅनने जाणारे मूल "बाबा, तुम्हीच सोडायला या" असा हट्ट धरते.

एक खूण विशेष सांगतो, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाण्याची बाटली भरलेलीच परत येणे आणि घरी येताच मुलाने आधी बाथरूमकडे धावणे, यावरून ते दिवसभर शाळेचे स्वच्छतागृह टाळत असल्याचे कळू शकते. अर्थात स्वच्छतागृह अस्वच्छ असल्यामुळेही हे घडते, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नये. पण विचारावे जरूर.

"आज शाळा कशी होती?" या प्रश्नाला "छान" हे ठरलेले उत्तर येते. त्याऐवजी "मधल्या सुट्टीत कोणाबरोबर होतास?", "व्हॅनमध्ये तुझ्या शेजारी कोण बसतं?" असे विचारावे, आणि तेही समोर बसवून चौकशी केल्यासारखे नव्हे, तर भाजी निवडताना किंवा गाडीवरून जाताना, म्हणजे मुलाला डोळ्याला डोळा न भिडवता बोलता येते.

५. मुलाने सांगितले, तर आमच्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघावे?

"मला सांगितलंस हे फार बरं केलंस, आणि यात तुझी काही चूक नाही." त्यानंतर ऐकत राहावे. "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला आला, की मूल जे मिटते ते पुन्हा लवकर उघडत नाही. "मी कोणालाच सांगणार नाही" असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. त्याऐवजी "तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही" असे म्हणावे आणि तो शब्द पाळावा. त्याच रात्री तारीख, जागा आणि हजर असलेल्या मुलांची नावे वहीत टिपून ठेवावीत. पुढे शाळेशी बोलताना "नेहमी त्रास देतात" या वाक्यापेक्षा अशा चार नोंदी कितीतरी अधिक कामी येतात.

६. "तूही दोन ठेवून दे" असे शिकवायला काय हरकत आहे?

हा सल्ला बहुतेक वडील देतात आणि तो मायेपोटीच देतात. परंतु छळात बळाची तफावत आधीच असते, त्यामुळे हा सल्ला ज्याला पाळता येईल अशा मुलाला त्याची गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याला तो पाळता येत नाही. मग मार खाल्ल्याच्या दुःखात वडिलांना निराश केल्याचे दुःख मिळते. मुलाला ठाम उभे राहून मोठ्या आवाजात "थांब, मला हे चालणार नाही" म्हणायला, तिथून निघून जवळच्या मोठ्या माणसाकडे जायला, आणि शक्य तो एकटे न राहायला शिकवावे. घरी आरशासमोर याचा सराव घेतलेला चालतो. लहान मुलांना तो आवडतोही.

७. तक्रार आल्यावर वर्गशिक्षकाने सर्वप्रथम काय करावे?

दोघांना समोरासमोर उभे करून "हात मिळवा, सॉरी म्हणा, झालं" असे करू नये. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सातवीच्या वर्गात एका मुलाचे दप्तर रोज जिन्यावरून खाली फेकले जात असे. त्याने सांगितल्यावर मी दोघांना वर्गापुढे बोलावले, हात मिळवायला लावले आणि टाळ्या वाजवून घेतल्या. मला वाटले मिटले. पुढचे तीन आठवडे दप्तर कोणी फेकले नाही; मात्र शाळा सुटल्यावर त्या मुलाला रोज कोपऱ्यात गाठून "सॉरी म्हण, टाळ्या वाजवू" असे सांगितले जात होते. मी दिलेलाच शब्द त्याच्या छळासाठी वापरला गेला. हे मला दुसऱ्या सत्रात त्याच्या आजोबांकडून कळले, तोवर त्याने माझ्याकडे पुन्हा यायचे नाही असे ठरवून टाकले होते.

त्यानंतर मी पुढील क्रम पाळत आलो आहे. ज्याला त्रास झाला त्याच्याशी आधी, एकट्याने आणि इतरांना कळणार नाही अशा वेळी बोलावे. तासाच्या मध्येच नाव घेऊन बाहेर बोलावले तर त्याने तक्रार केली हे सगळ्या वर्गाला कळते. पाहणाऱ्या दोन-तीन मुलांशी वेगवेगळे बोलावे. मग ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी बोलताना "तू असं करतोस असं हा म्हणतो" असे न म्हणता "माझ्या लक्षात आलं आहे" असे म्हणावे, म्हणजे राग तक्रारदारावर निघत नाही. बाक, व्हॅनमधली जागा, प्रयोगशाळेतला गट त्याच दिवशी बदलावा, पण त्रास झालेल्या मुलालाच हलवू नये, कारण ती त्याला शिक्षा वाटते. आणि त्या मुलाला दोन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा विचारावे. बहुतेक प्रकरणे पहिल्या बैठकीत मिटल्यासारखी वाटतात. खरे काय झाले ते महिन्याने विचारल्यावरच कळते.

८. बाकीच्या वर्गाचा यात काय संबंध?

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातील संशोधक क्रिस्टीना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की वर्गातली जवळपास सगळी मुले छळात कुठली ना कुठली भूमिका घेत असतात. एक सुरुवात करतो, एक-दोघे मदत करतात, काही हसून बळ देतात, पुष्कळसे मान खाली घालून बाजूला होतात आणि मोजकेच त्या मुलाच्या बाजूने उभे राहतात. या अभ्यासाच्या पायावर तिथे पुढे 'किवा' (KiVa) नावाचा छळविरोधी शालेय कार्यक्रम तयार झाला. छळणाऱ्याला बदलणे अवघड असते, परंतु हसणाऱ्यांना हसायचे थांबवणे त्या मानाने सोपे असते, आणि हसणारे कमी झाले की छळणाऱ्याला मिळणारी प्रतिष्ठाही आटते, असा त्यामागचा विचार आहे.

आपल्या वर्गात हे करण्यासाठी वेगळी साधने लागत नाहीत. खो-खो किंवा कबड्डीच्या तासाला दोन कर्णधारांना एकेक खेळाडू निवडायला लावले, की शेवटी तेच दोघे-तिघे उरतात आणि सगळा वर्ग ते पाहतो. गट शिक्षकाने आधीच कागदावर करून आणावेत. बाकांची जोडी दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून बदलावी. मॉनिटरला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहायचा अधिकार देणे मी बंद केले, कारण त्या खडूचा उपयोग हिशेब चुकते करण्यासाठीच अधिक होत होता. परिपाठात सुविचारानंतर आठवड्यातून एकदा दहा मिनिटे वर्तुळात बसून "या आठवड्यात कोणी कोणाला मदत केली?" एवढेच विचारावे. पहिले दोन-तीन आठवडे शांतता असते, ती सोसावी.

मुलांना चुगली आणि मदत मागणे यांतला फरकही सांगावा लागतो. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चुगली, आणि कोणाची सुटका व्हावी म्हणून सांगणे ही मदत. पाचवीतल्या मुलालाही हे पटते. सर्वांसमोर उभे राहून विरोध करणे प्रत्येकाला जमणार नाही, परंतु नंतर त्या मुलाजवळ जाऊन बसणे किंवा "चल, डबा खायला" म्हणणे जवळजवळ प्रत्येकाला जमते.

९. दादागिरी करणाऱ्या मुलाला कडक शिक्षा करावी, की शाळेतून काढून टाकावे?

परिणाम त्याला भोगायला लावलेच पाहिजेत, पण मारहाण किंवा अपमान हा मार्ग नव्हे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे, आणि कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, बळाने दाबता येते हेच त्याला छडीतून शिकायला मिळते.

त्याच्याकडून नुकसान भरून घ्यावे, मधल्या सुट्टीतली मोकळीक काही दिवस काढून घ्यावी, पालकांना बोलवावे आणि रोज दोन मिनिटे एका ठरलेल्या शिक्षकाला भेटायला लावावे. ही मुले घरी मार खात असतात किंवा कुठे तरी स्वतःच लक्ष्य झालेली असतात असे अनेकदा आढळते, पण नेहमीच नव्हे. काही मुले लाडाकोडातली, हुशार आणि वर्गात लोकप्रिय असतात, आणि त्यांच्याबाबत शिक्षक सर्वांत उशिरा जागे होतात. अशा मुलाच्या पालकांनाही माझी विनंती आहे, की शाळेतून फोन आला तर "आमचा मुलगा असं करणारच नाही" हे वाक्य एक दिवस मागे ठेवावे आणि आधी त्याच्याशी बोलावे.

१०. शिक्षकच मुलाला सर्वांसमोर नावे ठेवत असतील तर?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मधील मानसिक छळाची मनाई शिक्षकांना लागू आहे, त्यामुळे हा तक्रारीचा विषय आहे. "गाढवा", "तुझ्या डोक्यात काय भरलंय" ही वाक्ये आमच्या पिढीने ऐकली म्हणून ती योग्य ठरत नाहीत. शिक्षकाने एकदा एखाद्या मुलाला नाव ठेवले की वर्गाला त्याला छळण्याचा परवानाच मिळतो. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी टोपणनावांचा उगम टेबलाच्या या बाजूला होता. प्रथम त्या शिक्षकांशी शांतपणे, मग मुख्याध्यापकांशी लेखी बोलावे.

११. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलीचा फोटो विद्रूप करून टाकला आहे. काय करावे?

मेसेज डिलीट करू नयेत. स्क्रीनशॉट घ्यावेत, त्यात पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसत असल्याची खात्री करावी, आणि त्यानंतरच ग्रुपमधून बाहेर पडावे किंवा तक्रार नोंदवावी. मुलीचा मोबाइल काढून घेणे ही पालकांची पहिली प्रतिक्रिया असते, पण त्यामुळे पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

फोटो अश्लील स्वरूपाचा असेल तर तो शाळेने आपापसांत मिटवायचा विषय राहत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ ब नुसार बालकांचे अश्लील चित्रण प्रसिद्ध करणे किंवा पुढे पाठवणे गुन्हा आहे, म्हणून "बघ काय आलंय" म्हणत पुढे ढकलणारी मुलेही अडचणीत येतात. हे त्यांना आधीच समजावून सांगायला हवे. असा फोटो शिक्षकांना दाखवण्यासाठीही कोणाला पाठवू नये. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करता येते.

प्रकार घरच्या मोबाइलवर रात्री दहाला घडला म्हणून शाळेने हात झटकू नयेत, कारण सकाळी सात वाजता ती मुलगी त्याच वर्गात येऊन बसणार असते.

१२. वसतिगृहात आणि आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांचे काय?

राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे आणि जिल्ह्याच्या पश्चिम भागात आश्रमशाळा मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्यासाठी दूरचा नाही. घरी जाणाऱ्या मुलाला संध्याकाळी तरी सुटका मिळते. वसतिगृहातल्या मुलाला छळणाऱ्याच्याच शेजारी झोपावे लागते. मोठ्या मुलांनी लहानांकडून कपडे धुऊन घेणे, आंघोळीच्या गरम पाण्यावर हक्क सांगणे, घरून आलेला खाऊ काढून घेणे हे "इथे असंच असतं" म्हणून चालू दिले जाते.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. तो केवळ महाविद्यालयांसाठी आहे असा समज आहे, पण त्यातील शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत वसतिगृहांचाही समावेश आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिल्यास संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे त्यात बंधनकारक आहे. अधीक्षकांनी लहान मुलांच्या खोल्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि मुलांना घरच्यांशी फोनवर बोलताना शेजारी कोणी उभे राहू नये, ही साधी गोष्ट पाळावी.

१३. शाळेत कोणत्या समित्या आणि सोयी असायला हव्यात?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र ही तरतूद लागू नाही, तिथे पालक-शिक्षक संघाकडे जावे. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळा, केंद्र आणि तालुका स्तरांवर मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करायला सांगण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाल्यानंतर राज्य शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणे यांबाबत पुन्हा आदेश दिले. सीबीएसईने आपल्या शाळांसाठी छळ व रॅगिंग रोखण्याच्या सूचना २०१५ मध्ये काढल्या आहेत.

पालकसभेत उभे राहून "आपल्या सखी सावित्री समितीची मागची बैठक कधी झाली?" आणि "तक्रारपेटी कोण आणि कधी उघडतो?" हे दोन प्रश्न विचारावेत. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनासमोर टांगलेली असेल तर तिच्यात कोणी चिठ्ठी टाकणार नाही. ती अशा वाटेवर हवी जिथून सगळी मुले जातात. कॅमेरा घडून गेलेले दाखवतो, आणि स्वच्छतागृहात तो लावता येत नाही, त्यामुळे माणसाच्या उपस्थितीची जागा तो घेऊ शकत नाही.

१४. शाळा दखल घेत नसेल तर कोठे जावे?

वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. दाद लागली नाही तर महापालिकेच्या शाळेबाबत महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, ग्रामीण भागात केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यापुढे जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येते. मुंबईतील महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही तक्रार करता येते.

१०९८ हा बालकांसाठीचा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक आहे आणि तो मूल स्वतःही फिरवू शकते. दप्तराच्या आतल्या कप्प्यावर तो लिहून ठेवावा. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याच अधिकाऱ्याशी बोलण्याची मागणी पालकांनी करावी. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. येथे "आधी अंतर्गत चौकशी करू" हे शाळेचे म्हणणे मान्य करू नये. मूल जगणे नको अशा अर्थाचे बोलू लागले, तर ते लक्ष वेधण्यासाठी आहे असे मानू नये, त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशक मिळतात.

१५. सर्व उपाय करून झाले. आता शाळा बदलावी का?

मुलाची प्रकृती ढासळत असेल आणि शाळा हलत नसेल तर बदलावी, आणि त्याला हार समजू नये. मात्र निर्णय मुलाशी बोलून घ्यावा, आणि नव्या वर्गशिक्षकांना पहिल्याच दिवशी खासगीत सर्व सांगून ठेवावे, म्हणजे निदान पहिले दोन आठवडे मधल्या सुट्टीत त्याच्यासोबत कोणी तरी असेल याची व्यवस्था त्यांना करता येते. मागच्या शाळेतला एखादा चांगला मित्र असेल तर ती मैत्री टिकवायला मदत करावी.

जुन्या शाळेच्या दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण म्हणून "पालकांच्या विनंतीवरून" असे लिहिले जाते. दाखला घेताना खरे कारण लिहिलेले स्वतंत्र पत्र मुख्याध्यापकांना द्यावे आणि त्याची प्रत शाळा व्यवस्थापन समितीला किंवा पालक-शिक्षक संघाला द्यावी, कारण त्या वर्गात पुढच्या जूनमध्ये दुसरे कोणी तरी नवे मूल येणार असते.